पिकअपचा पुढचा एअर डॅम काढावा की ठेवावा : नव्या पिकअपमालकांसाठी मार्गदर्शन

पुण्यात पिकअप घेणाऱ्याला पहिल्या आठवड्यातच एक आवाज ऐकू येतो. सोसायटीच्या तळघरातील पार्किंगमधून चढ चढून रस्त्यावर येताना, किंवा पेठेतील एखाद्या गल्लीतला उंच गतिरोधक ओलांडताना, पुढच्या बंपरखालून जोराचा खरखराट होतो आणि नव्या गाडीचे काहीतरी मोडले या धास्तीने मालक उतरून खाली वाकतो. तेथे बंपरच्या खालच्या कडेला लोंबणारी काळ्या प्लास्टिकची किंवा रबराची लांब पट्टी दिसते. हाच एअर डॅम. गॅरेजमध्ये त्याला कोणी ‘खालची पट्टी’ म्हणतात, कोणी ‘स्कर्ट’ म्हणतात, आणि बहुतेक ठिकाणी सल्ला एकच मिळतो : काढून टाका, तिचा काही उपयोग नसतो.

हा सल्ला मीही एकदा ऐकला होता आणि त्याची किंमत मोजली होती. ती हकिगत पुढे योग्य जागी सांगतो. माझे मत मात्र आधीच स्पष्ट करतो. केवळ आवाज येतो म्हणून एअर डॅम काढू नये, कारण घासले तरी चालेल असाच तो भाग बनवलेला असतो. जेथे तो खरोखर अडतो, ओढला जाऊन फाटतो किंवा आपल्याबरोबर बंपरलाही ताण देतो, अशा वाटेवर गाडी नेहमी न्यायची असेल तर तो काढावा, पण पुन्हा बसवता येईल अशा रीतीने काढावा. यांपैकी आपली स्थिती कोणती, हे अंदाजाने ठरवू नये. अर्ध्या तासाच्या मोजणीने ते ठरवता येते.

पहिली पायरी : तो भाग खरोखर एअर डॅमच आहे का, हे पाहावे

बंपरखाली साधारणपणे चार वेगवेगळे भाग असू शकतात आणि नवखा माणूस त्यांत हमखास गल्लत करतो. सर्वांत पुढे, बंपरच्या कडेला आडवी बसवलेली, हाताने दाबली की वाकणारी पट्टी म्हणजे एअर डॅम. त्याच्यामागे, इंजिनच्या खाली, जमिनीला समांतर बसवलेले प्लास्टिकचे किंवा पत्र्याचे आवरण म्हणजे इंजिनचे खालचे कव्हर. ते चिखल, पाणी आणि खडी यांपासून इंजिनच्या पट्ट्याचे (बेल्टचे) आणि बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचे रक्षण करते. काही गाड्यांना त्याच जागी जाड धातूची प्लेट असते, ती दगडावर गाडी टेकली तर ऑइलचा चेंबर वाचवण्यासाठी. चौथा भाग म्हणजे पुढच्या चाकांच्या समोर लोंबणारे वीतभर रुंदीचे छोटे पडदे, जे चाकावर थेट आदळणारी हवा बाजूला वळवतात. या लेखातील चर्चा फक्त पहिल्या भागाविषयी आहे. उरलेल्या तीन भागांना हात लावू नये.

आणखी एक गोष्ट येथेच सांगायला हवी. जमिनीकडे खोल लोंबणारा एअर डॅम हे मुख्यतः अमेरिकी बनावटीच्या मोठ्या पिकअपचे वैशिष्ट्य आहे. शेव्हरोले सिल्व्हराडो किंवा फोर्ड एफ-१५० यांसारख्या गाड्यांचा बहुतेक वापर महामार्गावर होतो, आणि १९७५ च्या ऊर्जाविषयक कायद्यापासून तेथे प्रत्येक कंपनीला आपल्या सर्व गाड्यांच्या इंधनवापराची सरासरी सरकारने ठरवलेल्या मर्यादेत ठेवावी लागते. त्यामुळे एका गाडीमागे झालेली अगदी थोडी बचतही लाखो गाड्यांच्या हिशेबात कंपनीला मोलाची ठरते. आपल्याकडे २०१६ पासून मिळणारी इसुझु डी-मॅक्स व्ही-क्रॉस किंवा २०२२ मध्ये आलेली टोयोटा हायलक्स यांसारख्या गाड्यांच्या बंपरची खालची कड मुळातच उंच ठेवलेली असते, आणि मालवाहतुकीच्या अनेक साध्या पिकअपना अशी वेगळी पट्टी नसतेच. म्हणून आपल्या गाडीखाली जे लोंबते आहे ते स्वतंत्र स्क्रूंनी बसवलेले आहे की बंपरचाच अखंड भाग आहे, हे आधी टॉर्चच्या उजेडात पाहावे. अखंड भाग असेल तर काढण्याचा प्रश्नच उरत नाही; कापणे हा त्याला पर्याय नव्हे.

दुसरी पायरी : तो कोणते काम करतो, हे समजून घ्यावे

पिकअपच्या पोटाखाली चासी, ॲक्सल, प्रोपेलर शाफ्ट, सायलेन्सर आणि पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) असा ओबडधोबड पसारा असतो. वेगात जाताना पुढून शिरलेली हवा या प्रत्येक भागावर आदळते आणि गाडीला मागे खेचते. एअर डॅम त्या हवेतील बराचसा भाग वरच्यावर अडवून दोन्ही बाजूंना आणि बॉनेटवरून वळवतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी ४० किलोमीटर वेगाला जेवढा विरोध असतो त्याच्या चौपट विरोध ताशी ८० किलोमीटरला असतो आणि त्या विरोधाशी झगडण्यासाठी इंजिनला आठपट शक्ती खर्चावी लागते. सिग्नल ते सिग्नल अशा शहरी वाहतुकीत इंधन मुख्यतः गाडीला पुन्हा पुन्हा वेग देण्यात आणि तो ब्रेकमध्ये घालवण्यात जाते, त्यामुळे तेथे एअर डॅम असला काय आणि नसला काय, फरक जाणवत नाही. सोलापूर महामार्गावर किंवा मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तासन् तास एकाच वेगाने जाणाऱ्या गाडीला मात्र तो फरक पडतो.

दुसरे काम इंजिन थंड ठेवण्याचे आहे, आणि नव्या मालकांना ते सहसा कोणी सांगत नाही. रेडिएटरमधून हवा वाहण्यासाठी त्याच्या पुढे हवेचा दाब जास्त आणि मागे कमी असावा लागतो. एअर डॅममुळे इंजिनच्या खाली कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि रेडिएटरमधून आत आलेली गरम हवा खालून ओढली जाऊन बाहेर पडते. डॅम काढला की समोरून खाली शिरलेली हवा इंजिनखालचा दाब वाढवते आणि रेडिएटरमधील प्रवाह मंदावतो. कमी वेगात याचा परिणाम दिसत नाही, कारण तेव्हा हवा ओढण्याचे काम पंखा करत असतो. परिणाम दिसतो तो उन्हाळ्यात, भरलेल्या गाडीने, एसी चालू ठेवून, दीर्घकाळ वेगात जाताना. इंजिन तापण्याची भीती सिंहगडच्या घाटातच जास्त, असे समजणाऱ्या मालकाला हे उलटे वाटेल, परंतु संथ चढावर रेडिएटरची भिस्त पंख्यावर असते आणि पंखा डॅम असताना किंवा नसताना बहुतांशी तेवढेच काम करतो.

जनरल मोटर्सच्या काही पिकअपच्या मालक-पुस्तिकेत या बाबतीत स्पष्ट सूचना आहे : कच्च्या वाटेवर जाण्यापूर्वी खालचा एअर डॅम काढता येतो, पण तो न बसवता गाडी दीर्घकाळ चालवल्यास इंजिनकडे जाणारी हवा अयोग्य रीतीने वाहू शकते, म्हणून कच्च्या वाटेवरून परतल्यावर तो पुन्हा बसवावा. ज्या कंपनीने तो भाग बनवला तिचाच हा सल्ला असल्याने मला तो सर्वांत विश्वासार्ह वाटतो. याला उत्तर म्हणून काही जण शेव्हरोले कोलोराडोच्या झेडआर-२ सारख्या ऑफ-रोड, म्हणजे कच्च्या वाटेसाठी बनवलेल्या आवृत्तीकडे बोट दाखवतात, कारण तिला खोल डॅम नसतो. तो युक्तिवाद फसवा आहे. त्या आवृत्तीचा बंपर वेगळा असतो आणि तिची चाचणी कंपनीने त्याच स्वरूपात घेतलेली असते. आपल्या गाडीची चाचणी डॅमसह झालेली आहे.

एअर डॅमचे तिसरे काम गाडीचे नाक वेगात जमिनीकडे स्थिर ठेवण्याचे आहे. पिकअपच्या नेहमीच्या वेगांत ते दुय्यम आहे.

तिसरी पायरी : काय घासते आणि का घासते, हे शोधावे

डॅमच्या खालच्या कडेवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पांढऱ्या खडूचा जाड पट्टा ओढावा. बंपरच्या खालच्या कडेवर आणि इंजिनखालच्या कव्हरच्या पुढच्या कडेवर वेगळ्या रंगाचा खडू लावावा. मग दोन दिवस नेहमीच्या रस्त्यांवर गाडी चालवून खाली पुन्हा पाहावे. फक्त डॅमवरचा खडू पुसला गेला असेल तर काळजीचे कारण नाही, कारण वाकून पुन्हा सरळ होणे हाच त्या पट्टीचा गुण आहे. बंपरवरचा किंवा कव्हरवरचा खडू पुसला गेला असेल, तर डॅम काढून काहीच साधणार नाही. उलट आधी आवाज करून सावध करणारा भाग नाहीसा होईल आणि पुढचा आघात थेट महागड्या भागावर बसेल.

पूर्वी घासत नव्हते आणि अलीकडे घासू लागले असेल, तर दोष डॅमचा नाही. पुढच्या टायरमधील हवा तपासावी. ती ठीक असेल तर पुढच्या स्प्रिंगा बसल्या आहेत का, किंवा ज्या गाड्यांना पुढे टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणारा दांडा) असतो त्यात तो सैल झाला आहे का, हे मिस्त्रीकडून पाहून घ्यावे. दोन्ही बाजूंना चाकाच्या मधोमध असलेल्या बिंदूपासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजावे. दोन बाजूंत ठळक फरक असेल तर कारण तेथेच सापडते.

यानंतर आपली चालवण्याची सवय तपासावी, कारण माझ्या पाहण्यात निम्म्याहून अधिक घासणे त्यातूनच होते. ब्रेक दाबला की गाडी पुढून दबते. गतिरोधकापाशी येईपर्यंत वेग कमी न करता ऐन कडेवर ब्रेक दाबला, तर नाक सर्वांत खाली असतानाच डॅम उंचवट्याला भिडतो. वेग आधीच कमी करून, चाक गतिरोधकाला लागण्यापूर्वी ब्रेकवरचा पाय उचलला, तर नाक वर येते आणि तोच गतिरोधक विनाआवाज ओलांडला जातो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्यावर १० सेंटिमीटर उंच असावा लागतो. अशा सपाट उंचवट्यावर पिकअप घासण्याचे कारण नाही. आपल्या वसाहतींमध्ये लोकांनी स्वतःच घातलेले अरुंद आणि उभ्या कडेचे गतिरोधक मात्र या मापात बसत नाहीत, आणि त्यांच्यासाठी ही सवय लावून घेणे अपरिहार्य आहे. तळघराच्या उतारावर, मागेपुढे कोणी नसेल तर, गाडी किंचित तिरकी घेतल्यानेही एक चाक आधी चढते आणि नाक उचलले जाते.

पिकअपच्या बाबतीत भाराचाही विचार करावा. मागे जड पाटे असल्यामुळे रिकामी गाडी मागून उंच आणि पुढून खाली दिसते. हौद्यात माल भरला की मागचा भाग बसतो आणि नाक वर येते. म्हणजे रिकामी गाडी जेथे घासते तेथे भरलेली गाडी कदाचित सहज जाईल. जो मालक आठवड्यातून पाच दिवस माल घेऊन फिरतो त्याने रिकाम्या गाडीच्या आवाजावरून निर्णय घेऊ नये.

चौथी पायरी : कोन मोजावा

समोरचा चढ गाडीला घासल्याविना किती उभा चढता येईल, हे पुढच्या कोनावरून ठरते. टायरच्या पुढच्या अंगाला टेकणारी आणि गाडीच्या पुढच्या भागातील सर्वांत खालच्या कडेलाही टेकणारी एक सरळ रेषा कल्पावी. ती जमिनीशी जो कोन करते तो हा कोन. मोजण्यासाठी गाडी सपाट फरशीवर, नेहमीच्या भारासह उभी करावी. दोन मीटर लांबीची सरळ लाकडी पट्टी पुढच्या चाकासमोर धरून, तिचा वरचा पृष्ठभाग टायरला आणि डॅमच्या खालच्या कडेला एकाच वेळी टेकेल असा तिरका करावा, आणि मोबाइलमधील लेव्हलचे ॲप उघडून मोबाइल त्या पट्टीवर ठेवावा. पडद्यावर दिसणारा आकडा हाच आपला कोन. मग डॅम हाताने वर दुमडून धरावा, दुसऱ्या माणसाने पट्टी बंपरच्या कडेला टेकवावी, आणि पुन्हा मोजावे. दोन आकड्यांतील फरक म्हणजे डॅम काढून मिळणारा खरा लाभ.

पट्टी नसेल तर टेप पुरेसा आहे. समजा, डॅमची कड जमिनीपासून २४ सेंटिमीटर उंच आहे आणि टायर जमिनीला टेकतो तेथून ८५ सेंटिमीटर पुढे आहे. उंचीला अंतराने भागून, आलेल्या संख्येचा मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर tan⁻¹ घेऊन काढलेला कोन सुमारे १६ अंश येतो. डॅम दुमडल्यावर सर्वांत खालची कड ३८ सेंटिमीटर उंच आणि ७० सेंटिमीटर पुढे असेल तर तोच कोन सुमारे २८ अंशांवर जातो. या रीतीने येणारा आकडा प्रत्यक्षापेक्षा थोडा कमी असतो, आणि ते सुरक्षिततेच्या बाजूचेच आहे. दुसऱ्या मोजणीत तीन-चार अंशांचाच फरक पडत असेल, तर डॅम काढण्याचा विचार तेथेच सोडून द्यावा.

आता आपल्या वाटा मोजाव्यात. तळघराच्या उतारावर तोच मोबाइल पट्टीवर ठेवून कोन पाहावा. उतार १५ अंशांचा आणि आपला कोन १६ अंशांचा असेल तर कागदावर गाडी सुटते, पण उताराच्या पायथ्याशी ब्रेक दाबताच दबलेले नाक टेकणारच, म्हणून दोहोंमध्ये निदान तीन-चार अंशांचे अंतर असावे. शेतावर जाणारी वाट असेल तर नाल्याच्या काठाची तीव्रता आणि गाडीवाटेच्या मधल्या उंचवट्याची उंची, दोन्ही मोजून ठेवावी.

पाचवी पायरी : निर्णय घ्यावा

निर्णयासाठी गेल्या महिन्यातील प्रवास आठवून कागदावर लिहावा : शहरात किती, महामार्गावर किती, कच्च्या वाटेवर किती. ज्याची गाडी आठवड्यातून तीन-चार वेळा महामार्गावर धावते आणि महिन्यातून एखाद्या वेळीच कच्च्या वाटेवर जाते, त्याने डॅम ठेवावा आणि त्या एका दिवसापुरता काढावा. ज्याची गाडी शहरातच फिरते त्याला इंधनाचा तोटा होणार नाही हे खरे, परंतु त्याला डॅम काढण्याची गरजही सहसा नसते. ब्रेकची सवय बदलली की त्याचा प्रश्न सुटतो. ज्याची रोजची वाट वेल्हे, मुळशी किंवा भोरच्या डोंगराळ भागातील शेतरस्त्याची आहे, महामार्गाशी ज्याचा संबंध क्वचित येतो, आणि ज्याच्या मोजणीत दहा अंशांचा लाभ दिसतो, त्याने डॅम काढून ठेवणे मला योग्य वाटते. त्यानेही उन्हाळ्यात लांबच्या प्रवासापूर्वी तो परत बसवावा. मालवाहू म्हणून नोंदलेल्या पिकअपना द्रुतगती मार्गावर प्रवासी मोटारींपेक्षा कमी वेगमर्यादा असते, त्यामुळे त्यांच्या बाबतीत इंधनाचा फरक आणखी आक्रसतो, ही बाबही हिशेबात धरावी.

पावसाळा हा आपल्याकडचा वेगळा विषय आहे. साचलेल्या पाण्यातून गाडी नेताना डॅमवर पाण्याचा मोठा दाब येतो आणि वेग जास्त असेल तर क्लिपा तुटून तो गळून पडतो. ताम्हिणीकडे किंवा नदीकाठच्या रस्त्यांवर पाण्यातून जाण्याचा प्रसंग आल्यास चालण्याच्या गतीने जावे, आणि पाणी वाहते असेल तर जाऊच नये. डॅम नसलेल्या गाडीत तेच पाणी थेट इंजिनखालच्या कव्हरवर आदळते, म्हणून ते कव्हर घट्ट आहे ना, याची खात्री जूनपूर्वी करून घ्यावी.

कायदा आणि वॉरंटी

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत, नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि कायद्याने मान्य नसलेल्या बदलासाठी कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. स्क्रूंनी बसवलेली पट्टी तात्पुरती काढणे आणि बंपर कापणे किंवा त्याच्या जागी लोखंडी गार्ड बसवणे, या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने अशा क्रॅश गार्डवर कारवाई करण्यास राज्यांना कळवले होते. म्हणून ‘डॅम काढलाच आहे तर पुढे गार्ड बसवून देतो’ हा गॅरेजचा प्रस्ताव नाकारावा. गाडी वॉरंटीत असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरला आधी लेखी विचारावे आणि त्यांचे उत्तर जपून ठेवावे, कारण पुढे इंजिन तापल्याची तक्रार उद्भवली तर पहिला प्रश्न डॅमविषयीच विचारला जाईल.

सहावी पायरी : काढण्याची कृती

इंजिन पूर्ण थंड असताना, सपाट जागी, हँडब्रेक ओढून आणि मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावून काम सुरू करावे. बहुतेक पिकअप पुरेशा उंच असल्याने जॅक लावावा लागत नाही. लावावाच लागला तर गाडी स्टँडवर टेकवावी. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोके कधीही घालू नये.

आधी खालचा भाग पाण्याने धुऊन कोरडा करावा आणि प्रत्येक स्क्रूचे, प्रत्येक क्लिपचे मोबाइलवर फोटो घ्यावेत. डॅमच्या मागे एखादी वायर किंवा कनेक्टर जातो का, हे पाहावे. काही आधुनिक पिकअपमध्ये, उदाहरणार्थ २०१९ पासूनच्या रॅम १५०० मध्ये, वेगानुसार आपोआप खाली येणारा विजेवर चालणारा डॅम मिळतो. असा डॅम घरी काढू नये, कारण कनेक्टर सुटताच गाडीच्या संगणकात दोषाची नोंद होऊ शकते. असे डॅम गरज नसताना स्वतःच वर जातात, त्यामुळे त्यांची तक्रारही कमी असते.

साधा डॅम बहुधा ७, ८ किंवा १० मिलिमीटरच्या गोटी पान्याने किंवा टॉर्क्सच्या (ताऱ्याच्या आकाराच्या) बिटने सुटणाऱ्या स्क्रूंवर आणि प्लास्टिकच्या क्लिपांवर बसवलेला असतो. गंजलेल्या स्क्रूंवर गंज सोडवणारे तेल मारून पंधरा-वीस मिनिटे थांबावे. घाई केल्यास स्क्रूचे डोके झिजते किंवा बंपरमधील पत्र्याची नट-क्लिप फिरू लागते, आणि मग दहा मिनिटांच्या कामाला दुपार लागते. क्लिप काढताना चपट्या पेचकसाने तिची मधली खुंटी आधी वर उचलावी आणि नंतर बाहेरचा भाग ओढावा. दोन्ही टोकांकडून सुरुवात करून मध्याकडे यावे, मधले दोन स्क्रू सर्वांत शेवटी सोडावेत आणि तोवर पट्टी दुसऱ्या माणसाने हाताने तोलून धरावी, नाहीतर लोंबणाऱ्या पट्टीच्या वजनाने उरलेली छिद्रे फाटतात.

येथे माझी हकिगत सांगतो. पिकअप घेतल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यापूर्वी मी एका गॅरेजमध्ये डॅम काढून घेतला. माझ्या गाडीत डॅमचे चार स्क्रू इंजिनखालच्या कव्हरची पुढची कडही धरून ठेवतात, हे काढणाऱ्याच्या लक्षात आले नाही आणि मीही खाली वाकून पाहिले नाही. कव्हर पुढून मोकळे राहिले, शेताच्या वाटेवर चिखलाने भरले, आणि पंधरा दिवसांत पट्टा किंचाळू लागला. मिस्त्रीने उघडले तेव्हा पट्ट्याच्या पुलींमध्ये माती भरली होती आणि कव्हर एका बाजूने चिरले होते. नवे कव्हर आणि पट्टा यांवर जे खर्च झाले ते चार वॉशर आणि चार स्क्रू परत लावून वाचले असते. म्हणून डॅम निघाल्यावर सर्वांत आधी कव्हरची पुढची कड हाताने ओढून पाहावी. ती हलत असेल तर मोकळ्या झालेल्या छिद्रांत तेच स्क्रू, डॅमच्या जाडीएवढे वॉशर घालून, पुन्हा आवळावेत. बंपरची खालची कडही दाबून पाहावी, कारण काही गाड्यांत डॅममुळेच तिला ताठरपणा आलेला असतो. ती फडफडत असेल तर त्या गाडीचा डॅम काढून चालवणे योग्य नाही.

उरलेली छिद्रे रबरी बुचांनी बंद करावीत. स्क्रू डबीत घालून, डबीवर नाव लिहून गाडीच्या कप्प्यात ठेवावेत. तुटलेल्या क्लिपा नाना पेठेतील सुट्या भागांच्या दुकानांत नगावर मिळतात. जुनी क्लिप नमुन्यासाठी सोबत न्यावी, कारण छिद्राचा व्यास एका मिलिमीटरने चुकला तरी ती बसत नाही.

सातवी पायरी : काढल्यानंतर तापमान पाहावे

डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्यावर येथे विसंबू नये. अनेक आधुनिक गाड्यांत तो काटा मोठ्या पल्ल्यात मध्यावरच स्थिर राहील असा बसवलेला असतो, आणि तो हलतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीच्या संगणकातील नोंदी वाचण्याच्या जागेत) बसणारे छोटे रीडर बाजारात मिळते. ते मोबाइलला जोडले की कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, प्रत्यक्ष तापमान अंशांत दिसते. बहुतेक इंजिनांत ते नेहमीच्या चालीत ८० ते १०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहते. डॅम काढण्यापूर्वी एकदा आणि काढल्यानंतर एकदा, त्याच रस्त्यावर, त्याच भारासह, दुपारच्या त्याच सुमारास, एसी चालू ठेवून अर्धा तास एकसारख्या वेगाने गाडी चालवावी आणि शेजारी बसलेल्या माणसाने आकडे लिहावेत. चालकाने मोबाइलकडे पाहू नये. दोन्ही वेळचे आकडे सारखे असतील तर आपल्या गाडीचे शीतकरण डॅमवर फारसे अवलंबून नाही. दुसऱ्या वेळी तापमान सतत चढत राहिले आणि वेग कमी केल्यावरच उतरले, तर डॅम त्याच दिवशी परत बसवावा. गाडी खरोखरच तापली तर बाजूला घेऊन थांबावे आणि रेडिएटरचे झाकण गरम असताना मुळीच उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते आणि अंगावर उसळते.

इंधनाचा फरक पाहायचा असेल तर एकाच पंपावर, पंप आपोआप थांबेपर्यंत टाकी भरावी, तीन-चारशे किलोमीटर महामार्गावर चालवून तेथेच तशीच भरावी, आणि हीच कृती डॅम असताना व नसताना किमान दोनदा करावी. टायरमधील हवा प्रत्येक वेळी सारखी ठेवावी. एका टाकीच्या आकड्यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये, कारण समोरून येणारा वारा आणि वाटेतील कोंडी यांनीच तो आकडा एअर डॅमपेक्षा जास्त बदलतो.

परत बसवताना

काढलेला डॅम दुमडून किंवा उभा टेकवून ठेवला तर काही महिन्यांत तो वाक धरतो आणि छिद्रे जुळेनाशी होतात. म्हणून तो भिंतीला दोन-तीन खिळ्यांवर आडवा, सरळ आणि उन्हापासून दूर टांगावा. बसवताना मधले दोन स्क्रू आधी लावून पट्टी तोलावी, मग दोन्ही टोकांकडे जावे, आणि सर्व स्क्रू जागेवर बसल्यानंतरच हाताच्या जोराने शेवटचे आवळावेत. थंडीच्या सकाळी प्लास्टिक ताठर असते, त्यामुळे पट्टी तासभर उन्हात ठेवून मग बसवणे सोपे जाते. शंभर किलोमीटर चालवल्यावर खाली वाकून एकदा प्रत्येक स्क्रूला पाना लावून पाहावा, कारण नव्याने बसवलेल्या क्लिपा पहिल्या काही गतिरोधकांवरच सैल होतात.